वीट तुमची, मडकं माझं

चिंचदरा, ता. संगमनेर
२६ नोव्हेंबर १९७२

रा. रा. नृसिंह विष्णुपंत बेलापूरकर यांस,

नमस्कार, विनंती वगैरे सगळं मनातल्या मनात समजून घ्या. आज हाताला तेवढं मऊ लिहवत नाही.

तुमचं कार्ड मिळालं. पोचलो, खोली मिळाली, विटेला पाणी घालू नकोस. बायको कशी आहे हे विचारायला आणखी एक ओळ लागली असती, पण पोस्टकार्डावर जागा नसेल. असो. बायको बरी आहे. वीटही बरी आहे.

पैज पुन्हा एकदा लिहून ठेवते, कारण सोयीचं तेवढंच लक्षात ठेवायची तुमची जुनी सवय आहे. पाडव्याच्या संध्याकाळी तुम्ही म्हणालात, पुण्याला शेवाळावर संशोधन करायची संधी पुन्हा येणार नाही, तू राजीनामा दे आणि चल. मी म्हणाले, तुम्ही निघालात की या शाळेत शास्त्र शिकवायला मी एकटीच उरते. मीही गेले तर अकरावीच्या मुली घरी बसतील आणि वैशाखात बोहल्यावर चढतील. त्यावर तुम्ही मला कूपमंडूक म्हणालात. पाडव्याला! ओवाळणीचं तबक अजून पाटावर होतं. मग मीही काही कमी नाही. मी म्हणाले, आणि तुम्ही तुमच्या त्या शेवाळासारखे. मूळ म्हणून नाहीच, मिळेल त्या भिंतीला चिकटायचं.

खरं तर भांडण तिथं संपायला हवं होतं. पण शास्त्राचे दोन मास्तर एका घरात असले की भांडणाचासुद्धा प्रयोग होतो. तुम्ही न्हाणीच्या भिंतीतली शेवाळ धरलेली वीट उपटलीत. मी ओढ्याकाठचा तो बुटका, फुगरा बेडूक आणून मातीनं भरलेल्या मडक्यात सोडला. तो आपल्याकडे तोंड करून, मागच्या पायांनी उकरत उकरत, मागे मागे खाली उतरला. शेवटी नुसते डोळे वर राहिले आणि मग तेही गेले. पुढच्या पावसापर्यंत दोघांनाही थेंबभर पाणी नाही. बेडूक जगला तर तुम्ही पुणं सोडून परत यायचं. शेवाळ जगलं तर मी राजीनामा द्यायचा.

आता जगात लोक संसार असा ठरवतात का, हे मला कुणी विचारलं तर मी तोंड लपवीन. पण शब्द दिलाय तर दिलाय.

मालकीणबाई, म्हणजे कडूबाई, रोज विचारतात, "मास्तर कवा येनार?" मी सांगते, बेडूक वर आला की. त्या देवाचं नाव घेऊन आत जातात.

बेडकाचं नाव मी भाऊसाहेब ठेवलंय. आपल्या जिल्ह्यात ते कुणालाही शोभतं.

इंदू बेलापूरकर


चिंचदरा
१४ जानेवारी १९७३

श्री. नृसिंहराव यांस,

सोबत तिळगूळ पाठवतेय. गोड बोला असं म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणते. नाही बोललात तरी तीळ खा. यंदा ते केवढ्याला मिळाले ते मी सांगत नाही.

तुमच्या पत्रात पुण्याच्या थंडीचं आणि सरांच्या प्रयोगशाळेचं वर्णन फार छान आहे. इथलं वर्णन असं, की गावातली निम्मी माणसं रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडतात. घरोघरी मिलोची, त्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी आहे. मुलं मधल्या सुट्टीतल्या सुकडीसाठी शाळेत येतात आणि सुकडी खाऊन पळतात. माझ्या अकरावीच्या चौघी मुली मात्र पळत नाहीत. सकाळी आईबरोबर खडीवर जातात, दुपारी केसात धूळ घेऊन वर्गात येतात. मुक्ताबाई ठोंबरे झोपेत डोलता डोलता बरोब्बर उत्तर देते. तिला उठवायचं की शाबासकी द्यायची, हे मला कळत नाही.

परवा त्यांना मी आपलं भांडण शिकवलं. नाव घेतलं नाही, घाबरू नका. फळ्याच्या एका बाजूला बेडूक काढला, दुसऱ्या बाजूला शेवाळ. म्हटलं, दुष्काळ दोघांवरही येतो. बेडूक काय करतो? तो आधीच ओळखतो, पोटात पाणी साठवतो, जमिनीत जातो, श्वासही जेमतेम घेतो. शेवाळ काय करतं? त्याला ना मूळ, ना साठवण. ते जिथं आहे तिथंच उन्हात राहतं आणि नखशिखांत वाळतं. मेल्यासारखं दिसतं, पण मरत नाही. पाणी मिळालं की सगळ्या अंगानं पितं. पाण्यातलं बुळबुळीत शेवाळ वेगळं आणि भिंतीवरची ही मखमल वेगळी, हेही सांगितलं. नाहीतर तुम्ही तिकडून पत्रातच छडी मारली असती.

मुक्ताबाई जागी झाली आणि म्हणाली, "बाई, मंग दोघांत शानं कोन?"

मी म्हणाले, बेडूक. अर्थात. स्वतःचं पाणी स्वतः सांभाळतो, कुणाच्या तोंडाकडे बघत नाही.

पण घरी येताना वाटलं, उत्तर जरा घाईत दिलं.

तुमची वीट आता तपकिरी पडलीय. बोट लावलं तर कुरकुरते. जिंकत आलेय म्हणून आनंद व्हायला हवा होता. तेवढा झाला नाही.

इंदू


चिंचदरा
२५ मार्च १९७३

श्री. नृसिंह यांस,

म्हणजे मी लबाडी करते!

मडकं न्हाणीत ठेवलंय, तिथं ओल झिरपते, म्हणून बेडकाला छुपं पाणी मिळतं, असं तुम्ही पुण्यात बसून ओळखलंत. उंटावरून शेळ्या हाकणं याला म्हणतात. अहो, न्हाणी ओली असायला आधी अंघोळ करावी लागते. इथं टँकर आला तर पाणी. कडूबाई आणि मी एका बादलीत दोघी उरकतो, आणि ते पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी म्हशीला. न्हाणीची फरशी तुमच्या शेवाळापेक्षा कोरडी आहे. तरीही तुमच्या समाधानासाठी मडकं उचलून ओसरीवर, विटेच्या शेजारी आणून ठेवलंय. आता दोघं शेजारीशेजारी असतात. दोघंही बोलत नाहीत. आपल्या घरची रीत त्यांना लागली.

रागावर पाणी सोडून एक गोष्ट सांगते. सोडायला तेवढंच पाणी आहे.

मडकं हलवताना वीट माझ्या हातून निसटली. फुटली नाही, पण उलटी पडली. मला वाटलं, झालं, सगळं शेवाळ झडलं असणार. उचलून बघते तर एकही झुबका सुटला नव्हता. मग तुमचं भिंग काढलं, तुम्ही खिडकीत विसरून गेलात ते, आणि बघितलं. मूळ नाही हे खरंच. पण केसाहून बारीक धागे आहेत, आणि त्यांनी विटेचा कण न् कण धरून ठेवलाय. पाणी नाही, काही नाही, नुसतं धरून ठेवलंय.

मी तुम्हाला पाडव्याला बोलले ते शास्त्राच्या दृष्टीनं चूक होतं. फक्त शास्त्राच्या दृष्टीनं म्हणतेय, लगेच फुगू नका. बेडकी कितीही फुगली तरी बैल होत नाही.

भिंग पाठवू का? की घ्यायला येणार?

इंदू


चिंचदरा
१३ मे १९७३

अहो,

आज मोठं लिहीत नाही. पत्र्याखाली बसवत नाही आणि शाई निबावर वाळते.

मुलींची परीक्षा झाली. मुक्ताबाई म्हणते, पेपर बरे गेले. बाकीच्या नुसत्या हसतात.

काल दुपारी टँकरचं पाणी तांब्यात घेतलं आणि प्यायच्या आधी ओसरीवर नजर गेली. मडक्यातली माती भेगाळून कडेपासून सुटलीय. मी मडक्याला कान लावला. काहीच नाही. टिचकी मारली. काहीच नाही. मला एकदम इतकं भरून आलं, की तांब्या मडक्यावर कलंडायच्या बेतात होता. कोण बघणार होतं? कडूबाई बाजाराला गेल्या होत्या. तुम्ही पुण्यात.

नाही घातलं. पण तुम्हाला खरं सांगते, त्या घडीला मला पैज जिंकायची नव्हती. मला फक्त त्यानं मरू नये असं वाटत होतं. आणि पुढचं वाटलं ते असं, की शेजारची वीटही मरू नये. दोघांवर अर्धा अर्धा तांब्या घालावा आणि हा मूर्खपणा संपवावा.

तुम्ही इथं हवे होतात. हे मी नोव्हेंबरपासून लिहायचं टाळतेय. तुमच्या पायताणाचा आवाज, तुमचं ते सकाळी सकाळी खाकरणं, ज्यावरून मी इतकी भांडायचे, त्यावाचून घर अगदी खायला उठतं. झालं, लिहिलं.

मूळ प्रश्न मात्र तसाच आहे. माझ्याच्यानं शाळा सुटत नाही आणि तुमच्याच्यानं प्रयोगशाळा. एकाला मान खाली घालावीच लागणार.

तुमची इंदू


चिंचदरा
२४ जून १९७३

अहो,

खाली बसून वाचा. तुम्ही जिंकलात. कसे जिंकलात ते सगळं सांगते, मध्येच उड्या मारू नका.

मृग कोरडा गेला. परवाच्या दिवशी गावानं धोंडी काढायची ठरवली. तुम्ही पाहिलीय ती. एकानं अंगभर लिंबाचा पाला नेसायचा, मुसळाला बेडूक बांधून खांद्यावर घ्यायचा आणि दारोदार जायचं. घरोघरच्या बायका बेडकावर पाणी ओततात आणि पावसाला हाक घालतात. सगळी तयारी झाली. गहिनीनाथ पाटलांनी पालाही नेसला. पण बेडूक कुठं आहे? विहिरी कोरड्या, ओढा कोरडा. पोरांनी दिवसभर उकरलं, एक पिल्लू मिळालं नाही. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की बेलापूरकर बाईंच्या मडक्यात एक आहे. वर्गात मीच सांगितलं होतं. हात दाखवून अवलक्षण!

सकाळी अंगणात ही गर्दी. गहिनीनाथ पाटील पुढं. लिंबाच्या पाल्यातून नुसते डोळे आणि मिशा दिसत होत्या.

"बाई, तुमचा बेडूक द्या. सांजच्याला आनून देतो."

मी म्हणाले, देणार नाही.

"आवं, आमी काय खानार हाय व्हय त्याला?"

मी समजावलं. म्हटलं, तो झोपलाय, अवेळी बाहेर काढून उन्हात फिरवला तर मरेल. पाटलांना पटेना. म्हणाले, "बाई, बेडूक मागतोय, गाय न्हाई मागत. साऱ्या गावाचं पानी आडलंय आन् तुमी येक बेडूक धरून बसल्या." मागून एक बाई म्हणाली, "बाईला आपल्या गावाचं काय? आज हाय, उद्या पुन्याला जाईल."

ते माझ्या जिव्हारी लागलं. ज्या गावासाठी मी नवऱ्याशी भांडले, त्या गावानं हे म्हणावं! डोळ्यात पाणी आलं आणि त्याचा मला अजूनच राग आला. पण भाऊसाहेबांना बाहेर काढवेना. पैजेसाठी नव्हे हो. ज्यानं इतके महिने गपचूप दम धरला, त्याला शेवटच्या घडीला मुसळाला बांधायचं, हे मनाला पटेना.

आणि मग मला काय झालं कुणास ठाऊक. मी तुमची वीट उचलली आणि पाटलांपुढं धरली. म्हणाले, हे न्या.

सगळे हसले. "ह्ये? ह्ये तर वाळकं शेन हाय!"

"थांबा," मी म्हणाले. आत गेले, माझ्या वाटणीचा पाण्याचा तांब्या आणला आणि सगळ्यांदेखत विटेवर ओंजळभर शिंपडलं. पैज मोडली हे मला तेव्हाच कळत होतं. हात थांबला नाही.

आधी काहीच झालं नाही. कुणीतरी खोकलं. मग कडेचा एक झुबका हलला, तुम्ही म्हणता तसा, मूठ उघडावी तसा. तपकिरी पानं पाठीवरून उलगडली आणि आत हिरवं दिसलं. मग त्याच्या शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. कडूबाई पुढं आल्या, वाकून बघितलं आणि ओरडल्या, "आगं बया! जित्तं हाय की ह्ये!"

त्यांनी आतून कुंकू आणून विटेला लावलं. हे शास्त्रात बसत नाही, पण मी लावू दिलं. पाटलांनी वीट पाटीत ठेवली, पाटी डोक्यावर घेतली, आणि धोंडी निघाली. मीही गेले. इतकी वर्षं मी अशा गोष्टी ओसरीवरून बघत आले.

दरवर्षी घागर ओततात म्हणे. यंदा कुणाकडं घागर होती? बायका पळीभर पाणी आणायच्या, कुणी फुलपात्रातून, कुणी नुसती ओली बोटं झटकायची. केशरबाईंच्या घरात पाणी नव्हतं, तर त्यांनी शेजारणीकडून पदर ओला करून आणला आणि विटेवर पिळला. प्रत्येक दारात विटेचा थोडा थोडा रंग चढत गेला. मारुतीपाशी पोचलो तेव्हा ती इतकी हिरवी होती, की म्हातारी माणसं तिला हात लावून डोळ्यांना लावत होती. सबंध उन्हाळ्यात या गावानं हिरवं असं काही पाहिलंच नव्हतं. पाटील माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाई, मगाशी जे बोललं गेलं ते मनात धरू नगा."

पाऊस आला नाही. आभाळ तसंच कोरडं आहे. पण माणसं घरी गेली ती हसत गेली.

तर असं आहे. पाणी कुणी घातलं, कधी घातलं, यावर मी वाद घालणार नाही. शेवाळ जगलं हे साऱ्या गावानं पाहिलं. शब्द म्हणजे शब्द. राजीनामा लिहून टेबलावर ठेवलाय. निकाल लागला की मुलींचं तोंड गोड करते आणि तो हेडमास्तरांच्या हातात देते. मडकं मी उघडलेलं नाही. आता उघडून करायचंय काय? त्याला न्हाणीत, त्याच्या जुन्या जागी ठेवलंय. तिथं निदान सावली आहे.

रडत लिहीत नाहीये. कागदावर जे पडलंय ते घामाचं आहे.

तुमची
इंदू


चिंचदरा
४ जुलै १९७३

अहो,

तुमचं पाकीट आज आलं. पोस्टमननं आधी पाकीट बघितलं, मग माझ्याकडं. एवढं जाड पत्र तुम्ही मला लग्न ठरल्यावरसुद्धा लिहिलं नव्हतं.

तुम्ही लिहिलंय, "राजीनामा फाडून टाक. शेवाळ स्वतःच्या जोरावर जगत नाही, इंदू. त्याला कुणीतरी पाणी द्यावं लागतं. तू दिलंस, गावानं दिलं. मी तर नुसतं 'घालू नकोस' एवढंच लिहिलं होतं." ही ओळ मी कडूबाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "मास्तर शाना झाला." मी म्हणाले, जरा उशिरा झाला.

आणि त्याखाली तुम्ही तो हिशोब मांडलाय, जो आपल्या दोन शास्त्रज्ञांच्या डोक्यात पाडव्याला आलाच नव्हता. बेडूक जगला तर काय, शेवाळ जगलं तर काय, सगळं ठरवलं. दोघंही जगले तर काय, हे ठरवायचं राहूनच गेलं! आपण दोघं एकमेकांना हरवायच्या इतके मागे लागलो होतो, की दोघांनी जगण्याची सोयच ठेवली नाही.

संगमनेरच्या कॉलेजात तुम्ही अर्ज केलाय, हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि पुन्हा उचलून वाचलं. सरांनीच सुचवलं, सुट्टीत पुण्याला येऊन काम पुरं कर म्हणाले, हे फारच झालं. तुमच्या सरांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा, की मी त्यांच्याबद्दल जे जे मनात बोलले होते ते सगळं परत घेते. संगमनेरहून इथं सकाळची एस.टी. आहे, दुपारची परतीची आहे. मी जाऊन येऊन शाळा करीन. तुम्हाला नोकरी मिळेलच असं नाही, हे मलाही कळतं. पण तुम्ही निम्मा रस्ता चाललात. उरलेला निम्मा मी चालते.

मुक्ताबाई पास झाली. चौघीही पास झाल्या! मुक्ताबाईचा बाप पेढे नाहीत म्हणून गूळ घेऊन आला. संगमनेरला कॉलेजात घालतो म्हणतोय, पण पोरगी कुणाच्या घरी राहील याची त्याला काळजी आहे. मी म्हणाले, बघू, आमची तिथं एखादी खोली होईल.

शनिवारी सकाळी येताय, या. माझी सकाळची शाळा असेल. मडकं तुम्ही आल्यावर दोघांनी मिळून उघडायचं. मेला असेल तरी दोघांनी बघायचं.

तुमचीच
इंदू


शनिवार, ७ जुलै
दाराच्या कडीत

अहो,

किल्ली कडूबाईंकडे आहे. चहाची भुकटी वरच्या फळीवर, डाव्या डब्यात. दूध नाही, कोराच घ्या.

परवा रात्री पाऊस तिकडेही आलाच असेल, म्हणून इथल्याचं वर्णन करत नाही. फक्त एवढं सांगते, की गाव त्याचं सगळं श्रेय तुमच्या विटेला देतंय. मी वर्गात सांगितलं, विटेचा आणि ढगांचा काही संबंध नाही. कुणी ऐकून घेतलं नाही. पाटील म्हणाले, "बाई, तुमचं शास्त्र तुमच्यापाशी." वीट मारुतीच्या ओट्यावर आहे. परत मागायला जाऊ नका, मार खाल. न्हाणीच्या भिंतीत तिच्या बहिणी आहेत, त्यातली एक संगमनेरला नेऊ.

मडक्यात हात घालू नका. त्यात कुणी नाही. न्हाणीचा पत्रा गळतो, ठाऊक आहे ना तुम्हाला? दोन वर्षं मी तुमच्या मागे लागले होते, दुरुस्त करा, दुरुस्त करा. बरं झालं केला नाहीत. आज पहाटे दिवा घेऊन गेले, तर माती उकरलेली आणि मडकं रिकामं. दिवा खाली धरून मी शोधू लागले. आणि मग कोपऱ्यातून कुणीतरी माझ्याकडं बघतंय असं वाटलं.

भाऊसाहेब मोरीत बसलेत. रोड झालेत, पण डोळे तेच आहेत.

प्रवासाचे पाय धुवायला जाल, तर पाणी जपून टाका. मी दुपारपर्यंत येतेच.

इंदू